स्वस्त हत्यार : मोडलं तर कोणाला लागेल?

जुलै संपत आला की आमच्या होस्टेलच्या गेटवर दोन प्रकारची पार्सलं यायला लागतात. पहिलं घरचं. त्यात चिवडा-लाडू असतात आणि ते रूमवर पोहोचायच्या आत निम्मं संपतं. दुसरं ऑनलाइन सेलचं. त्यात '१०८ पीस टूल किट, ७० टक्के सूट' असतं आणि ते सेमिस्टरभर कॉटखाली पडून राहतं. मिनी प्रोजेक्ट, रोबोटिक्सची टीम, सायकलची पडणारी चेन, खुर्चीचा निघालेला स्क्रू, निमित्त काहीही असो, इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी आपल्या मालकीचं एखादं हत्यार हवंसं वाटतं. खिशात पैसे मात्र कमी असतात. म्हणून प्रश्न दरवर्षी तोच असतो : सेलमधलं स्वस्त हत्यार घ्यावं की घेऊ नये?

यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, 'टूल घ्यायचं तर ब्रँडेडच, नाहीतर घेऊच नये.' दुसरा म्हणतो, 'लोखंड ते लोखंड. नावाचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?' रात्री कट्ट्यावर हा विषय निघाला की चहा संपतो पण वाद संपत नाही. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. सगळंच ब्रँडेड घ्यायचं म्हटलं तर मेसचे पैसे कोण भरणार? आणि सगळंच स्वस्त घ्यायचं म्हटलं तर एखाद्या दिवशी दवाखान्याचे पैसे कोण भरणार?

आता हे सांगणारी मी कोण? मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे स्पॅनरला पाना, फाइलला कानस आणि प्लायरला पक्कड म्हणतात हे मला शाळेत नाही, मामाच्या दुकानात कळलं. मामाचं सांगलीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दर सुट्टीत तिथल्या स्टुलावर बसून मी जेवढं शिकले तेवढं वर्कशॉपच्या जर्नलमध्ये अजून लिहिलेलं नाही. (वर्कशॉपच्या सरांनी हे वाक्य सोडून द्यावं ही विनंती.) हत्यार घेताना मामा किंमत सगळ्यात शेवटी विचारतो. आधी तो एकच गोष्ट बघतो : 'हे मोडलं तर कोणाला लागेल?'

या एका प्रश्नावर सगळी हत्यारं चार ढिगांत वाटता येतात. मोडलं तर फक्त हत्याराचं नुकसान, मोडलं तर कामाचं नुकसान, मोडलं तरी पत्ताच लागत नाही, आणि मोडलं तर आपल्या अंगाला लागतं. हे चार ढीग वेगळे केले की सूट कुठे घ्यायची आणि कुठे नाही हे बरंचसं आपोआप ठरतं. पण त्याआधी त्या सूट नावाच्या प्रकरणाकडे बघू.

७० टक्के सूट, पण कशावर?

आपल्या देशात पॅकबंद मालावर एमआरपी, म्हणजे सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, छापावीच लागते. २०११ चे वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम तसं सांगतात. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पण ती किंमत किती छापायची हे माल बनवणारा किंवा आयात करणाराच ठरवतो. म्हणजे ६०० रुपयांना विकायच्या वस्तूवर २,००० छापायचे आणि ७० टक्के सूट म्हणून जाहिरात करायची, हे त्याला सहज जमतं. तेव्हा टक्क्यांकडे बघूच नका. तेच मॉडेल, तोच नंबर दोन-तीन ठिकाणी शेवटी किती रुपयांना मिळतंय तेवढं बघा. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर किंवा लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं) एक चक्कर मारली तर बऱ्याच वेळा ऑनलाइन 'सूट' आणि दुकानातला रोजचा भाव सारखाच निघतो. शिवाय दुकानात वस्तू हातात घेता येते, जे फोटोत होत नाही.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे खोक्यावरची चिन्हं. 'सीई' ही अक्षरं बघून आपल्याला वाटतं की परदेशात कोणीतरी तपासलंय. प्रत्यक्षात ते युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे आणि पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत उत्पादक ते स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. आपला आयएसआय मार्क वेगळा. त्याच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आणि कशासाठी आहे ते दिसतं. नंबर नसलेला आयएसआय मार्क म्हणजे नुसतं चित्र.

ढीग पहिला : मोडलं तर त्याचं त्यालाच लागेल

टूलबॉक्स, स्क्रू ठेवायच्या डब्या, प्लास्टिकचे क्लॅम्प, वायर स्ट्रिपर, चिमटे, ब्रश, ग्लू गन, सोल्डरिंग करताना बोर्ड धरून ठेवणारा तो दोन हातांचा स्टँड, हॅकसॉची फ्रेम. या वस्तू बिघडल्या तर काय होईल? फार तर चरफडत दुसरी आणाल. इथे मनसोक्त स्वस्त घ्या. हॅकसॉच्या बाबतीत एवढंच करा की फ्रेम स्वस्त आणि ब्लेड चांगलं घ्या, कारण कापायचं काम ब्लेड करतं, फ्रेम नुसती ताणून धरते. पुष्कळजण बरोबर याच्या उलट करतात.

'मिथबस्टर्स' नावाचा एक कार्यक्रम डिस्कव्हरीवर लागायचा. त्यातले ॲडम सॅव्हेज यांचा एक सल्ला हत्यारवेड्या लोकांत फार प्रसिद्ध आहे. सल्ला असा की नवीन प्रकारचं हत्यार आधी स्वस्तातलं घ्यावं. ते वापरून वापरून मोडलं तर समजावं की आपल्याला त्याची खरंच गरज आहे, आणि मग परवडेल तितकं उत्तम घ्यावं. न मोडता पडून राहिलं तर जास्तीचे पैसे वाचले. या पहिल्या ढिगासाठी हा सल्ला शंभर टक्के लागू आहे. पण आपल्या पोरांनी तो सरसकट सगळ्यालाच लावून टाकलाय, तिथे गडबड होते. कारण 'मोडेपर्यंत वापरा' हे वाक्य चिमट्याला ठीक आहे, ग्राइंडरच्या चकतीला नाही.

ढीग दुसरा : मोडलं तर कामाला लागेल

पाने, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, ड्रिल बिट्स. यांचं वैशिष्ट्य असं की हे स्वतः खराब होताना समोरच्याला घेऊन जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे बरोबर बसते. दीडशेचा पाना हजाराच्या पार्टचा बोल्ट गोल करून ठेवतो, आणि गोल झालेला बोल्ट काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

थोडं गणित करू. १० मि.मी. जाडीचा, म्हणजे एम-१० बोल्ट. त्याचं डोकं पुष्कळदा १७ मि.मी.चं असतं. तो नीट आवळायला साधारण ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो असं धरा. हा सगळा टॉर्क पान्याच्या दोन जबड्यांनी त्या १७ मि.मी.च्या अंतरावर द्यायचा. ५० भागिले ०.०१७ म्हणजे जवळपास २,९०० न्यूटन. सोप्या भाषेत, प्रत्येक जबड्याच्या टोकाशी सुमारे ३०० किलोचा जोर. एवढ्या जोराखाली पोलाद मऊ असेल तर जबडा उघडतो, पाना सटकतो, आणि आपली बोटं चेसिसवर आदळतात. म्हणून पान्यावर क्रोम-व्हॅनेडियम लिहिलंय का, जबड्याच्या आतल्या बाजू सपाट आणि समांतर आहेत का, हे बघायचं. चकचकीत पॉलिश बघायचं नाही, चकाकी नुसत्या क्रोमच्या मुलाम्यालाही येते. उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा, कारण त्याला उघडायला तोंडच नाही. सॉकेट घेणार असाल तर १२ कोनांच्या सॉकेटपेक्षा ६ कोनांचं घ्या. ते बोल्टच्या कोपऱ्यांऐवजी बाजूंवर जास्त टेकतं.

स्क्रूड्रायव्हरचंही तसंच. आपण ज्याला 'स्टार' म्हणतो तो बहुतेक वेळा फिलिप्स असतो, आणि घरगुती कामात दोन नंबरचा, म्हणजे पीएच-२, सगळ्यात जास्त लागतो. ३२ पीसच्या सेटमध्ये हा एकच नंबर दहा वेळा वापरला जातो आणि बाकीचे ३१ खोक्याची शोभा वाढवतात. म्हणून सेटऐवजी पीएच-२ चा एक आणि चपट्या तोंडाचा एक, असे दोनच चांगले घ्यावेत. टोक कडक आहे का हे बघायची मामाची युक्ती : कानस हलकेच टोकावरून फिरवा. कडक टोकावरून कानस घसरते, मऊ टोकात ती रुतते आणि भुगा पडतो. मात्र ही परीक्षा स्वतः विकत घेतलेल्या मालावर करा, दुकानदाराच्या नाही.

ड्रिल बिट्स घेताना सोनेरी रंगाला भुलू नका. टायटॅनियम नायट्राइडचा खरा थर सोनेरी असतो आणि कठीणही असतो, पण सोनेरी रंग कशालाही देता येतो. आत पोलाद कोणतं आहे ते महत्त्वाचं. मटेरिअल्सच्या पेपरला आपण घोकतो ते इथे कामाला येतं : साधं कार्बन स्टील २००-२५० अंशांच्या पुढे तापलं की मऊ पडायला लागतं, हाय स्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत कडक राहतं. लाकडाला स्वस्त बिट चालेल. लोखंडाला नाही चालणार, ते पहिल्याच भोकात निळं पडून बसेल.

ढीग तिसरा : मोडलं तरी कळणार नाही

मोजमापाची साधनं ही सगळ्यात मायावी जात. पाना मोडला की आवाज येतो. कॅलिपर चुकीचं दाखवायला लागलं तर काहीच आवाज येत नाही. स्क्रीनवर दोन दशांशांपर्यंत आकडा दिसतो आणि आपण तो देववाणी समजून जर्नलमध्ये उतरवतो. स्वस्त डिजिटल कॅलिपरची स्क्रीन ०.०१ मि.मी.पर्यंत दाखवते, पण दाखवणं वेगळं आणि तेवढं अचूक असणं वेगळं. रेझोल्यूशन आणि ॲक्युरसी हा व्हायवाचा आवडता प्रश्न उगाच नाही.

मग स्वस्त कॅलिपर घ्यायचंच नाही का? घ्या, पण तपासून घ्या. जबडे बंद करून शून्य येतं का बघा. पुन्हा पाच वेळा उघडबंद करा, दर वेळी शून्यच यायला हवं. बंद जबड्यांमागे उजेड धरा, फट दिसायला नको. मग एक ६०८ नंबरचं बॉल बेअरिंग घ्या. स्केटच्या चाकात असतं तेच, ३०-४० रुपयांना मिळतं. त्याचं आतलं भोक ८ मि.मी. आणि बाहेरचा व्यास २२ मि.मी. चांगल्या कंपनीच्या नव्या बेअरिंगमध्ये या दोन मापांतला फरक एक शतांश मिलिमीटरच्या आत असतो. त्याची रुंदी ७ मि.मी. असते, पण तिला सवलत बरीच जास्त दिलेली असते, म्हणून तपासायला रुंदी वापरू नका. म्हणजे बघा, महागडे गेज ब्लॉक न घेता ४० रुपयांत आपल्याला एक विश्वासू साक्षीदार मिळाला. तुमचं स्वस्त कॅलिपर या साक्षीदारापुढे खरं बोललं तर मिनी प्रोजेक्टला ते पुरेसं आहे. शाफ्ट आणि बेअरिंगचं फिट ठरवायचं असेल तर मात्र मेट्रॉलॉजी लॅबचं चांगलं व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर मागा.

मेजरिंग टेपबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. टेपच्या टोकाचा हूक थोडा पुढे-मागे हलतो. तो ढिला झालेला नसतो, मुद्दाम तसा बसवलेला असतो. हूकच्या स्वतःच्या जाडीइतकंच तो हलतो, त्यामुळे अडकवून मोजलं किंवा टेकवून मोजलं तरी माप एकच येतं. तेव्हा न हलणारा हूक चांगला समजून टेप निवडू नका, आणि हलणारा हूक हातोडीने ठोकून 'दुरुस्त' तर मुळीच करू नका.

ढीग चौथा : मोडलं तर आपल्याला लागेल

इथे माझा सूर बदलतो. या ढिगात सूट बघायची नाही.

सुरुवात आपल्या लाडक्या टेस्टरपासून. होस्टेलच्या दर तिसऱ्या खोलीत एक टेस्टर सापडेल. तो बटणाला बोट लावून वापरायचा असतो, म्हणजे करंट आपल्या शरीरातूनच जातो. तरी शॉक बसत नाही, कारण आत साधारण १० लाख ओहमचा एक रेझिस्टर असतो. २३० भागिले १० लाख म्हणजे ०.२३ मिलिअँपिअर, जाणवतही नाही इतका कमी. म्हणजे फेज आणि आपण यांच्यामध्ये उभा आहे तो एक तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. फुटपाथवरच्या दहा-पंधरा रुपयांच्या टेस्टरमध्ये तो कसा आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. ५०-६० रुपयांत चांगल्या कंपनीचा मिळतो, तिथे ४० रुपये वाचवू नका. ओल्या हाताने वापरू नका. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असं कधीच समजू नका. तुम्ही लाकडी स्टुलावर उभे असाल तरीही तो कदाचित पेटणार नाही.

नंतर मल्टिमीटर. दोनशे-अडीचशे रुपयांना मिळणारा तो पिवळा मीटर बॅटरी, आर्डुइनो, १२ व्होल्टची मोटर यांना उत्तम आहे. इतक्या पैशांत एवढं काम देणारी वस्तू विरळाच. पण तोच मीटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायचा का? त्यातल्या अनेकांच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' असं लिहिलेलं असतं. म्हणजे आत फ्यूजच नाही. मागच्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर एका मुलीने मोटरचा करंट मोजला आणि प्रोब त्याच भोकात ठेवून एक्स्टेंशन बोर्डला सप्लाय आहे का ते बघायला गेली. करंट मोजायच्या भोकात मीटरचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो, म्हणजे तिने सरळ शॉर्ट सर्किट केलं. ठिणगीने प्रोबची टोकं वितळली, मजल्याचा एमसीबी पडला आणि तिच्या दोन बोटांना फोड आले. वायव्हा चार दिवसांवर होती, पेन धरता येत नव्हतं. सगळे म्हणाले, तिची चूक. चूक होतीच. पण रात्री एक वाजता प्रोजेक्ट करणाऱ्या माणसाकडून अशी चूक होणार हे मीटर बनवणाऱ्यानेही धरून चालायला हवं. चांगल्या मीटरमध्ये त्या भोकाला वाळू भरलेला सिरॅमिकचा फ्यूज असतो. तो मोठा करंट आतल्या आत तोडतो. साधा काचेचा फ्यूज अशा वेळी फुटू शकतो. चांगलं हत्यार कोणतं, तर आपली चूक पोटात घालणारं.

मीटर घेताना म्हणून त्यावरची 'कॅट' ही अक्षरं बघा. कॅट-टू म्हणजे भिंतीच्या सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट-थ्री म्हणजे इमारतीची पक्की वायरिंग आणि डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, कॅट-फोर म्हणजे बाहेरून येणारी मुख्य लाइन. २३० व्होल्टच्या लाइनचा पीक ३२५ व्होल्ट असतो, पण वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. ६०० व्होल्ट कॅट-थ्री मीटर ६,००० व्होल्टचा असा झटका सोसेल या हिशोबाने बनवायचा असतो. अर्थात कॅट-थ्री असं कोणीही छापू शकतं. म्हणून फ्यूज कसा आहे, प्रोबच्या वायरवरही तेच रेटिंग लिहिलंय का, आणि कंपनीचा पत्ता खोक्यावर आहे का, हे तिन्ही बघा.

प्लास्टिकच्या मुठीलाही इन्सुलेशन समजू नका. खऱ्या इन्सुलेटेड पक्कड-स्क्रूड्रायव्हरवर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. बाकी मुठी फक्त हाताला बऱ्या वाटण्यासाठी. सोल्डरिंग आयर्न घेताना तीन पिनांचा प्लग बघा. अर्थची पिन आणि बिट यांच्यात कंटिन्युइटी आहे का तपासा. हे काम दोनशेचा पिवळा मीटर आनंदाने करतो.

शेवटी अँगल ग्राइंडर. १०५ मि.मी.ची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरली तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१७ किलोमीटर होतो. तिचा तुकडा उडाला तर याच वेगाने उडतो. चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही छापलेली असते, कारण तिला धरून ठेवणारं रेझिन जुनं होतं, ओल धरतं. सुटी, बिननावाची, पडून खरचटलेली चकती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि गार्ड काढलेला ग्राइंडर कोणी हातात दिला तर तो तसाच परत द्या. गॉगल पॉलिकार्बोनेटचा घ्या, बाजूंनी झाकणारा. दीडशे रुपये डोळ्यासाठी फार नाहीत.

बॅटरीवरची मशिनं : आकड्यांचा खेळ

सेलमध्ये हल्ली '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' लिहिलेले कॉर्डलेस ड्रिल दिसतात. ते 'व्हीएफ' म्हणजे व्होल्ट नव्हेत. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. तीन सेल जोडले की १०.८, भरल्यावर १२.६. म्हणजे एका कंपनीचा '१०.८ व्होल्ट' आणि दुसरीचा '१२ व्होल्ट मॅक्स' एकच. पाच सेलचे १८, भरल्यावर २१. मशीन ४८ व्होल्टचं असायचं तर १३ सेल लागतील, ते त्या मुठीत मावतात का बघा. तसंच १८६५० आकाराच्या सेलवर ९,९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर हसा आणि पुढे जा. या आकाराचे चांगल्यातले चांगले नेहमीचे सेल ३,५०० च्या आसपास असतात.

जुनं घ्यावं का?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी हत्यारं किलोवर मिळाल्यासारखी मिळतात. इथे मामाच्या प्रश्नाला मी माझा एक प्रश्न जोडते : याचं म्हातारपण डोळ्यांना दिसतं का? पाना, पक्कड, कास्टिंगचा व्हाइस, एरणीचा तुकडा यांचं म्हातारपण दिसतं. जबडा फाकलेला दिसतो, वेल्डिंग केलेला व्हाइस ओळखू येतो, गंज रॉकेल किंवा व्हिनेगरने निघतो. वीस वर्षं टिकलेला जुना पाना आजच्या सेलमधल्या नव्या पान्याहून चांगला असायची शक्यता बरीच. पण बॅटरी, ग्राइंडिंगची चकती, मल्टिमीटर, हेल्मेट, इन्सुलेटेड हत्यारं यांचं म्हातारपण आत असतं. ती जुनी घेऊ नयेत.

३,६०० रुपयांचा हिशोब

यंदा आमच्या विंगमधल्या १८ मुलींनी प्रत्येकी २०० रुपये काढून विंगची एक पेटी करायचं ठरवलं. २०० रुपये काहींना सहज होते, काहींना नव्हते. एकीने दोन हप्त्यांत दिले. त्यामुळे एकही रुपया वाया जाऊ नये ही सगळ्यांचीच इच्छा होती. एक मत २,९९९ च्या १०८ पीस किटचं होतं. आम्ही फोटो मोठा करून पीस मोजले. साठाच्या वर तर नुसते बिट्स, आणि केबल टायही पीसमध्ये धरलेले! दुकानात आम्हाला गुलाबी रंगाचं 'लेडीज टूल किट'ही दाखवण्यात आलं. हत्यारं तीच, रंगाचे दोनशे जास्त. दोन्ही बाद झाली.

मग ढीग केले. अंगाला लागणाऱ्या ढिगासाठी १,५९० रुपये : कॅट-थ्री मल्टिमीटर १,२५०, टेस्टर ६०, दोन गॉगल २८०. कामाला लागणाऱ्या ढिगासाठी १,४३० : पक्कड ३००, दोन स्क्रूड्रायव्हर २२०, ॲलन कीचा सेट ३५०, सहा रिंग पाने ५६०. उरलेल्या ५८० मध्ये स्वस्तातलं सगळं : टेप ९०, हॅकसॉची फ्रेम ११०, दोन चांगली ब्लेड ८०, स्ट्रिपर १००, प्लास्टिकची पेटी २००. कॅलिपर घेतलं नाही, ते लॅबमध्ये सही करून मिळतं. ड्रिल आणि ग्राइंडर घेतला नाही. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या मशीनसाठी वर्कशॉप आहे, आणि तिथे शेजारी उभं राहायला सरही असतात. एकूण वस्तू विसाच्या आत. १०८ च्या मानाने फारच कमी, पण प्रत्येक वस्तूचं आमच्याकडे कारण आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सेल दिवाळीला येतो, प्रजासत्ताक दिनाला येतो, आणि मध्येच काही कारण नसतानाही येतो. घाई करू नका. वस्तू हातात घ्या, ती मोडल्याचं डोळ्यांसमोर आणा, आणि तेव्हा कोण ओरडतंय ते ऐका. ओरडणारा तुमचा खिसा असेल तर खुशाल स्वस्त घ्या. ओरडणारे तुम्ही असाल तर ती सूट दुसऱ्या कोणाला तरी मिळू दे. आमची पेटी दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या कपाटात आहे. वहीत नाव, खोली नंबर आणि तारीख लिहून कोणीही न्यावी. परत आणताना मात्र पाने पुसून आणा, ग्रीस आम्हाला नको.